पडीक जागेतला खड्डा

विजेची तार नको म्हणणारा माणूस अडाणी असतो, असं मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या खात्यात सर्रास बोललं जायचं. मीही बोलायचो. आता बुलढाण्यात घराच्या ओट्यावर बसून असतो, तर नातवंडं विचारतात, आजोबा, लोकांना आयता उजेड मिळत होता, मग ते तुमच्याशी भांडायचे कशाला? आता एक तर उजेड आयता नव्हता. आणि ज्यांच्या वावरातून तार जायची त्यांना तो बहुतेक वेळा मिळतही नव्हता. पण हे या पोरांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा म्हटलं, दिवाळीच्या अंकासाठी हेच लिहून टाकू. वाचायचं त्याने वाचावं.

तार ओढणं हे माझं काम नव्हतं. तार कुठून जाईल ते ठरवणं हे माझं काम. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि शहरापुरती असलेली वीज बाजाराच्या गावांकडे न्यायची होती. दोन टोकं वरून ठरून यायची. मधल्या रानातून आम्ही काठीला लावलेले झेंडे घेऊन चालायचो. एक झेंडा इथे, एक पलीकडच्या टेकाडावर, आणि मधल्या माणसाला हाताने खुणा करून सरळ रेषेत आणायचं. रेष जुळली की तिथे लाकडी खुंटी ठोकायची आणि चुना लावायचा. खुंटीच्या जागी पुढे खड्डा होणार, खड्ड्यात खांब उभा राहणार. एवढीच ती विद्या. पण उन्हातान्हात वर्षानुवर्षं केली, आणि मी आखलेली रेष वाकडी निघाली असं कोणी म्हणालेलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

या कामाचे दोन नियम. पहिला, तार होता होईल तो सरळ न्यायची. तार वळली की वळणावरचा खांब तिच्या ओढीने आत झुकतो. मग त्याला उलट्या बाजूने लोखंडी दोराचा ताण द्यावा लागतो, त्या ताणाचं दुसरं टोक लांब जमिनीत पुरावं लागतं, खांबही दणकट लागतो. म्हणून वळण म्हणजे आम्हाला रुसलेला जावई. त्याची समजूत काढावी लागते, पण जीव जातो. दुसरा नियम, पडीक जमीन शोधायची. उभ्या पिकात खांब रोवला की तलाठी आला, पंचनामा आला, आणि शेतकऱ्याच्या म्हातारीच्या शिव्या आल्या. गायरान, नाल्याचा काठ, मुरमाड तुकडा दिसला की आमचे डोळे चमकायचे.

विरोध मात्र जागोजाग व्हायचा आणि त्याची कारणं गावागणिक निराळी असायची. मेहकरकडे एका शेतकऱ्याचं ठाम मत होतं की तार ढगातलं पाणी ओढून घेते. नेमकी त्याच वर्षी पावसाने दडी मारली आणि आमची पंचाईत झाली. मी त्याला म्हटलं, बाबा, तारेत अजून वीज सोडलेलीच नाही. तर तो म्हणतो, तिच्यात वीज नाही म्हणूनच तर ती ढगातली घेऊन राह्यली! पाऊस पडला तेव्हाच आमचे खांब उभे राहिले.

रोहिणखेडच्या वाटेवर एका बाईने घरावरून तार जाऊ दिली नाही. तिचं लेकरू पाळण्यात होतं, आणि निजलेल्या लेकराला कोणी ओलांडलं की त्याची वाढ खुंटते. माणसाने चुकून ओलांडलं तर त्याला परत उलटं ओलांडायला लावता येतं, तुमची तार उलटी कशी चालवता, असं तिने मला विचारलं. आमचे गडी हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्या आईने मला याच कारणासाठी कितीदा धपाटे घातले होते. आम्ही खांब थोडा सरकवला आणि पुढे गेलो.

आणखी एक कारण होतं, त्यावर कोणी हसायचं नाही. तार आमच्या वावरातून अन् दिवा दुसऱ्याच्या घरात, हा कोणता न्याय, असं लोक विचारायचे. आम्ही म्हणायचो, तुमचं गाव पुढच्या टप्प्यात आहे. पुढचा टप्पा कधी, हे आमच्या वरच्यांनाही ठाऊक नव्हतं.

पण मी हे लिहायला बसलो ते धाडच्या अलीकडच्या एका गावासाठी. गावाचं नाव देत नाही. ज्या बायांची ही गोष्ट त्या आता नसतील, पण त्यांच्या सुना-नाती असतील.

लाइन धाडच्या बाजारपेठेला जायची होती. हे गाव वाटेत होतं आणि त्याला वीज मिळायची नव्हती. गाव आणि नाला यांच्या मधोमध एक लांबट मोकळी जागा होती. मुरूम, चार-दोन बोरी, बाभळी, मधे मधे दगड. तिच्या एका अंगाला पाटलाचा मळा, विहिरीवर मोट चाललेली, मिरची लावलेली. दुसऱ्या अंगाला किसन नावाच्या शेतकऱ्याचं काळं वावर. माझी रेष त्या मोकळ्या जागेतून अशी सरळ गेली, की मी खूश झालो. पीक नाही, कुंपण नाही, धुऱ्याचं, बांधाचं भांडण नाही. गावाला लागून एवढी जागा असून ती कोणी नांगरली कशी नाही, याचं थोडं नवल वाटलं. वीतभर धुऱ्यासाठी कुऱ्हाडी काढणारी माणसं ही. पण धर्माच्या गायीचे दात कोण मोजतो? खुंट्या ठोकल्या आणि पुढे निघालो.

परत आलो तर खुंट्या उपटलेल्या. चोरून चुलीत घातल्या असत्या तर समजू शकलो असतो, सरपण म्हणून आमच्या खुंट्या बऱ्याच गावांत जळल्या. इथे त्या जागेच्या बाहेर नीट रचून ठेवलेल्या होत्या. पुन्हा ठोकल्या, पुन्हा तेच. तेव्हा मी आमच्या दातार साहेबांना कळवलं. दातार साहेब इंजिनिअर, मूळचे सांगलीकडचे. कडक, पण माणसाचं बोलणं पुरं ऐकून घेणारे. ते जीपमधून आले आणि पाटलाच्या ओसरीवर बैठक बसली. पाटीलकी कायद्याने गेली होती, पण गाव त्यांना पाटीलच म्हणायचं.

पाटील म्हणाले, तिथे गुरं चरतात, करंट लागून मरतील. साहेबांनी तार किती उंच असते ते समजावलं. मग म्हणाले, त्या जागेवर वीज पडते. मग म्हणाले, मारुतीची पालखी त्या अंगाने जाते. एक कारण खोडलं की दुसरं यायचं, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. गाव मात्र एकदिलाने बसलेलं. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, यांना सांगायचंय काही वेगळंच. आणि त्यांनी सरळ विचारलं की खरं काय असेल ते बोला, मी ऐकायलाच आलोय. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी एक म्हातारा बोलला, नको म्हणतो ना साहेब, नको म्हणजे नको.

आता कायदा आमच्या बाजूचा होता. तार न्यायला जमीन मालकीची करून घ्यावी लागत नाही, आणि ही तर कोणाच्याच मालकीची नव्हती. तहसीलदार आले, सोबत एक जमादार आणला. तहसीलदारांनी समज दिली की सरकारी कामात अडथळा आणाल तर काय होईल. पाटील म्हणाले, करा मग तुमच्या मनासारखं. बाकीचे उठून निघून गेले. कोणी रामराम केला नाही.

दुसऱ्या दिवशी धाडचा बाजार होता. गावातले पुरुष गाड्या जुंपून तिकडे गेले. मला वाटतं, मुद्दामच गेले. आपल्या डोळ्यांसमोर नको, असं असावं. आमची खोदाईची टोळी सकाळीच लागली. मुकादम चांदभाई, मोताळ्याकडचा, हाताखाली दहा-बारा गडी. पहिला खड्डा कमरेइतका झाला. मुरूम कठीण, पहारीचा आवाज नाल्यापलीकडे जात होता.

तो आवाज ऐकूनच त्या आल्या. कपाशीच्या निंदणीतून उठून आलेल्या बाया, हातात खुरपी, कमरेला पदर खोचलेले. मी म्हटलं, आता शिव्या ऐकायच्या. पण त्या सगळ्या जागेच्या कडेला येऊन थांबल्या, आत पाय टाकेनात. एकमेकींकडे पाहत होत्या. मग त्यांतली एक, तिशीची असेल, पायातल्या वहाणा काढून आत आली, खड्ड्याजवळ आली, आणि खड्ड्यात उतरून मांडी घालून बसली. तिचं नाव गिरजाबाई, शेजारच्या काळ्या वावराच्या किसनची बायको, हे मला नंतर कळलं.

खड्ड्यातला गडी पहार टाकून वर आला. चांदभाई म्हणाला, बाई, वर या, अंगावर माती पडेल. ती हलली नाही. मी जवळ जाऊन कायदा सांगायला लागलो, तहसीलदार सांगितला, जमादार सांगितला. ती माझ्याकडे बघतही नव्हती. खड्ड्याच्या भिंतीवरून हात फिरवत होती, आपण घर सारवताना फिरवतो तसा. माझा आवाज आपोआप खाली आला. मी विचारलं, बाई, काय आहे इथे?

ती म्हणाली, “भाऊ, इथी आमची लेकरं हायेत.”

मी मेहकरकडच्या खेड्यात वाढलेला. आमच्या गावालाही अशी जागा होती. दात यायच्या आत गेलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, आणि प्रत्येक गावाला त्यासाठी एक कोपरा असतो. तिथे नांगर घालत नाहीत. आम्ही पोरं खेळत खेळत तिकडे वळलो की मोठी माणसं नुसती हाक मारून मागे बोलवायची, कारण सांगायची नाहीत. त्या जागेचं नाव घेतलं की ती पुन्हा घरी येते, असं समजतात. घरात कोणी गरोदर असतंच. माझ्या गावातली ती जागा मला आजही डोळे मिटून दाखवता येईल. पण दुसऱ्याच्या गावात गेलं की माणसाला नुसती जमीन दिसते. आणि माझा तर धंदाच पडीक जमीन पाहून खूश व्हायचा. आता त्या दगडांकडे पाहिलं. काही दगड जोडीजोडीने मांडल्यासारखे होते, कुठे कोल्ह्यानं उकरू नये म्हणून टाकलेली बोरीची वाळकी काटी होती. बरेचसे नाल्याच्या पुरात इकडचे तिकडे झाले असावेत.

दातार साहेब रस्त्यावर जीपजवळ होते. त्यांना बोलावलं. त्यांनी टोपी काढली आणि खड्ड्याच्या तोंडाशी उकिडवे बसले. त्यांचा स्वर फार मऊ होता. ते म्हणाले की बाई, आम्हाला हे माहीत नव्हतं. तुमच्या लेकराची जागा तेवढी मला दाखवा. खांब तिथून लांब सरकवतो, म्हणाल तितका लांब. या बाकीच्या बायांनीही आपापली जागा दाखवावी, मी एकेक वाचवून रेष काढतो.

मला ते बोलणं तेव्हा अगदी योग्य वाटलं. कोणत्याही शहाण्या माणसाला वाटेल. गिरजाबाईने पहिल्यांदा मान वर केली.

“कोनती जागा दाखवू, साहेब? मले कोनी दाखवली? माही पोरगी चार दिसाची होती, पाचवीबी पुजली नव्हती. मी बाजीवर पडेल होती. सासऱ्यानं तिले फडक्यात गुंडाळली अन् घेऊन गेला. बाईमानसानं मांगं जायचं नसते. मंग इचारलं तं म्हने, इचारू नोको, पुढची कूस भरन. आता सासरा मरून गेला. तुमी खांब इकडं घेतला तं ती इकडं असन, तिकडं घेतला तं तिकडं असन. मलेच ठाऊक नाही, तं मी कोनती जागा तुमाले सोडून देऊ?”

तिचा आवाज चढला नव्हता. बाजारभाव सांगावा तसं तिने सांगितलं. पण कडेला उभ्या असलेल्या बायांपैकी एकीला हुंदका फुटला आणि मग त्या सगळ्याच आत आल्या. वहाणा काढून, एकमेकींचा हात धरून. पाय कुठे टाकावा ते त्यांना कळत नव्हतं, जपून जपून टाकत होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणी त्या जागेत पहिल्यांदाच पाय ठेवत होत्या, हे मला त्यांच्या चालण्यावरून समजलं. रोज शेतावर जाताना शेजारून गेलेल्या, पण आत कधी नाही. एक म्हातारी होती, तिने साहेबांना नुसती तीन बोटं दाखवली आणि खाली बसली.

साहेब उठले आणि बाजूला जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने मला म्हणाले, आपल्या नकाशात हे कसं दाखवतात? मी म्हटलं, दाखवत नाहीत. मंदिर दाखवतो, मशीद, विहीर, स्मशान दाखवतो. याची खूणच नाही. चांदभाईने तोवर टोळीची हत्यारं गोळा करून जागेच्या बाहेर नेऊन ठेवली होती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो मला एवढंच म्हणाला की साहब, हमारे में भी माँ को नहीं ले जाते.

दुपार कलल्यावर पुरुष बाजारातून परतले. गाड्या तशाच वाटेत सोडून आले. आपल्या बायका त्या जागेत बसलेल्या बघून काही जण ओरडले, काही नुसतेच उभे राहिले. पाटील माझ्यावर खेकसले, बायामाणसांना इथे कोणी येऊ दिलं? साहेब मधे पडले. ते म्हणाले की पाटील, तुम्ही मला गुरं सांगितली, पालखी सांगितली, हे सांगितलं असतंत तर? पाटलांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, सांगायची गोष्ट हाये का ते? त्यांचा आवाज फाटला. त्यांचंही कोणी तिथे असेल. असेलच.

साहेबांनी मग सगळ्यांसमोर मांडलं. ही जागा मी सोडतो. वरच्यांना काय सांगायचं ते माझं मी पाहीन. पण तार हवेतून उडवता येत नाही, ती वळवावी लागेल, आणि वळणाचा खांब एक तर पाटलांच्या मळ्यात येईल नाही तर किसनच्या वावरात. जबरदस्तीने मी घेणार नाही. जबरदस्तीच करायची तर मग इथेच करतो. तुम्ही आपसात ठरवा.

पाटील म्हणाले, मळ्यात विहीर हाये, मोटेवर माणूस उभा राहतो, वरून तार कशी नेता? ते खोटं नव्हतं. विहिरीवरून तार नेऊ नये असा आमचाच दंडक होता. आम्ही मोजूनही पाहिलं, विहीर टाळता येत नव्हती. मग सगळ्यांच्या नजरा किसनकडे गेल्या.

किसन उंचापुरा, काळासावळा, कमी बोलणारा. खांद्यावर दुपट्टा, बाजारातून आणलेल्या मिठाची पुडी अजून हातातच. बापजाद्याचं एवढंच काळं वावर त्याचं, बाकी सगळं मुरमाड. वळणाचा खांब आणि त्याचा ताण, म्हणजे वावरात दोन अडथळे, आणि तेही मधोमध. कोळपणीला डवऱ्याचे बैल तिथे वळवावे लागणार, पिकाच्या ओळी मोडणार, ताणाच्या बुडाशी तण माजणार, आणि हे यंदापुरतं नाही, जन्माचं. भरपाई मिळते ती उभ्या पिकाची, जमिनीची नाही. त्याला हे सगळं न सांगता कळत होतं. तो म्हणाला, “तार आमच्या गावात थांबतबी नाही. माह्या घरात दिवा लागन नाही, अन् खांब माह्या वावरात काऊन?”

साहेब म्हणाले, तू नाही म्हणालास तर मी तुला दोष देणार नाही. किसन म्हणाला, मंग नाहीच म्हणतो. आणि तो चालायला लागला.

गिरजाबाई सकाळपासून खड्ड्यातच होती. पाणीसुद्धा प्यायली नव्हती. तिने त्याला हाक मारली नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि चारचौघांत हाक तरी कशी मारणार. ती खड्ड्यातूनच बोलली, पण आता सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“तुमी तवा कापसाची गाडी घेऊन खामगावले गेले होते. तुमाले तं तिचं तोंडबी पाह्यले भेटलं नाही. मी पाह्यलं हाये. वावराचं काय करता थे तुमचं तुमी पाहा. मी इथून उठत नाही.”

किसन थांबला. आमच्याकडे पाठ होती त्याची. मग त्याने मिठाची पुडी धुऱ्यावर ठेवली, परत आला, माझ्या झोळीतून एक खुंटी काढून घेतली आणि सरळ आपल्या वावरात शिरला. धुऱ्याजवळ थांबून त्याने विचारलं, इथं जमेल का? मी रेष पाहिली. नव्हतं जमत. खोटं सांगावं असं फार वाटलं, पण खांब खोट्यावर उभा राहत नाही. मी मान हलवली. तो आणखी आत गेला. पुन्हा विचारलं. मी पुन्हा मान हलवली. असा तो एकेक ओळ ओलांडत, कपाशीची झाडं हाताने बाजूला करत आत जात राहिला, आणि जिथे मी हो म्हटलं तिथे त्याने स्वतः दगडाने खुंटी ठोकली. जिथे ठोकली तिथली कपाशी त्या वावरातली सगळ्यांत जोरदार होती. मग दुपट्ट्याने तोंड पुसून तो तिथेच खाली बसला.

त्या खांबाने त्या माणसाला जन्मभर त्रास दिला, हे मला नंतरच्या फेऱ्यांत दिसत होतं. त्याच्या घरी दिवा लागला तोही पुष्कळ वर्षांनी. दातार साहेबांना वरून विचारणा झाली, सरळ लाइनीत हे वळण कशाला म्हणून. त्यांनी ‘स्थानिक अडचण’ एवढंच लिहिलं आणि बोलणी खाल्ली. मी त्यानंतर कुठल्याही गावात पडीक तुकडा दिसला की खुंटी ठोकायच्या आधी पाणवठ्यावर जाऊन एखाद्या म्हातारीला विचारायचो, माय, ती जागा कशी आहे? काही जणी नुसती मान हलवायच्या, आणि मी झेंडा उचलून दुसरीकडे न्यायचो. पण त्या गावाच्या आधी आमच्या आणि बाकीच्यांच्या किती रेषा कोणाकोणावरून गेल्या असतील, ते मला सांगता येत नाही. कोणाला कळणारही नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. गिरजाबाई शेवटी उठली. तिचे पाय अवघडले होते, दोघींनी हात देऊन तिला वर घेतलं. मी चांदभाईला म्हटलं, खड्डा बुजवून टाका. गड्यांनी फावडी उचलली, तशी ती आडवी आली.

“राहू द्या भाऊ. माती आमी देतो.”

पाटलांनी काही बोलायला तोंड उघडलं. बाईने माती द्यायची नसते, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण त्यांच्या शेजारच्या त्याच म्हाताऱ्याने, बैठकीत नको म्हणजे नको म्हणाला होता त्याने, त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि पाटील गप्प राहिले. पुरुष मागे सरकले. कोणी तरी पागोटं काढलं, मग बाकीच्यांनी टोप्या काढल्या.

गिरजाबाईने ओंजळभर माती घेऊन खड्ड्यात सोडली. मग दुसरीने. मग तीन बोटं दाखवणाऱ्या म्हातारीने, तिने तीनदा घेतली. ज्यांना लेकरू नेलं त्या दिवशी घरातून बाहेर पडू दिलं नव्हतं, ज्यांना नंतरही विचारू नको म्हणून गप्प केलं होतं, त्या सगळ्या एकेक करून येत होत्या. कोणी तोंडातल्या तोंडात काही बोलत होती. कित्येक लेकरांचं बारसंच झालेलं नव्हतं तर नाव काय घेणार, पण माझ्यासमोर एकीने नाव घेतलं. मनातल्या मनात कधीचं ठेवलं असेल. मी तिथे सरकारी माणूस म्हणून उभा होतो आणि ढसाढसा रडत होतो. चांदभाईही रडत होता. साहेब जीपकडे तोंड करून उभे होते.

ओंजळीने तो खड्डा भरायला फार वेळ लागला, पण फावड्याला कोणी हात लावला नाही. भरून झाल्यावर गिरजाबाईने वरची माती तळहाताने सारखी केली, एक दगड आणून ठेवला, आणि बोरीची काटी त्याच्यावर घातली. त्या खड्ड्यात काही नव्हतं. आम्हीच तो सकाळी खोदला होता, हे तिलाही ठाऊक होतं. ती हात झटकून उभी राहिली आणि मला म्हणाली, “भाऊ, आता कोनी इचारलं तं दाखवता येईन.”